भिंतीला रंग नको, ती पॉलिसीही नको

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचकाचे पत्र आहे. वय ५२, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, हातात ६४ हजार पगार, ५८ व्या वर्षी निवृत्ती. मुलगी यंदा बी. फार्मला गेली, चार वर्षांचा खर्च साधारण १० लाख. त्यासाठी दीड गुंठ्यातले वडिलोपार्जित घर तारण ठेवून २० लाखांचे कर्ज ते काढत आहेत, १० टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. पुढच्या आठवड्यात बँकेचा व्हॅल्युअर येईल. रंग, पीओपी आणि हॉलच्या फरशीवर पावणेदोन लाख घातले तर किंमत जास्त लागेल का, २०१९ आणि २०२१ च्या पुराची ओल आधी झाकून घ्यावी का, असे ते विचारतात.

नाही. यातला एक रुपयाही घालू नका.

व्हॅल्युअर जागेचे क्षेत्रफळ बघतो, समोरच्या रस्त्याची रुंदी बघतो, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम किती आणि किती वर्षांचे ते बघतो. आसपासच्या खरेदीखतांतले भाव आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, बघतो. रंगाचे पैसे त्यात कुठेच धरले जात नाहीत. वरच्या दोन खोल्या परवानगीशिवाय बांधल्याचे तुम्हीच लिहिले आहे. त्यांना कितीही सजवले तरी बँक त्या सहसा मोजत नाही. शेजारचे घर ९० लाखांना गेले म्हणता, तो ऐकीव आकडा आहे. बँक दस्तातला आकडा धरते. आणि २० लाखांच्या कर्जाला ३५-४० लाखांचे मूल्यांकन पुरते. शाहूपुरीत तेवढी किंमत तुमच्या नुसत्या जागेचीच होईल.

ओल झाकू नका. तुमच्या गल्लीत पाणी किती चढले होते हे शेजारचा दुकानदारही सांगेल, आणि लपवलेले उघडे पडले की तुमच्या बाकीच्या कागदांवरही शंका येते. तयारी करायचीच तर कागदांची करा : प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, घरफाळ्याच्या चालू पावत्या. वडिलांच्या मागे वारसनोंद झाली नसेल तर ती आधी. बहिणींची नावे लागली की त्यांच्या सह्यांशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.

पण पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी थांबलो. वीसपैकी १० लाख तुम्ही बँकेतल्याच मॅडमनी सुचवलेल्या एकरकमी विमा पॉलिसीत टाकणार आहात. १५ वर्षांनी २२ लाख मिळतील, "कर्ज फिटून वर अडीच लाख उरतात" असे त्यांनी कागदावर मांडून दाखवले.

हा हिशेब चुकीचा आहे आणि तो मांडणाऱ्याला ते कळायला हवे होते. १० लाखांचा हप्ता महिना १०,७५० रुपये, १५ वर्षांत सव्वाएकोणीस लाखांच्या थोडे वर. २२ मधून ते वजा केले की अडीच लाख दिसतात खरे. पण तुम्ही हप्ते पहिल्या महिन्यापासून भरणार आणि २२ लाख शेवटी मिळणार. तेच १०,७५० दर महिन्याला साध्या ६ टक्क्यांनी साठवत गेलात तर १५ वर्षांनी ३१ लाख होतात. म्हणजे उरण्याऐवजी ९ लाखांची खोट. दहाचे बावीस म्हणजे वर्षाला जेमतेम साडेपाच टक्के. १० टक्क्यांनी पैसे उचलून साडेपाच टक्क्यांना लावायचे, आणि तेही राहते घर गहाण टाकून? शिवाय विमा फक्त साडेबारा लाखांचा. विम्याची रक्कम पॉलिसीत भरलेल्या पैशाच्या दहापट नसल्याने वरच्या १२ लाखांवर कर लागेल तो वेगळाच.

आता निवृत्ती. २० लाखांचा हप्ता साडेएकवीस हजार, पगाराचा तिसरा हिस्सा. तुम्ही ५८ चे व्हाल त्या दिवशी १५ लाखांहून थोडे जास्त बाकी असेल आणि ईपीएसचे (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे) पेन्शन महिना फार तर साडेसात हजार. पुढची नऊ वर्षे हप्ता कोण भरणार, हे त्या कागदावर कुठेच नाही.

कर्जासोबत पॉलिसी घ्यायलाच लागते असे कोणी म्हणाले तर लेखी मागा. तशी सक्ती बँकेला करता येत नाही. आधी शाखेत तक्रार द्या, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फॉर्मवर सह्या झाल्याचे तुम्ही लिहिले आहे. पैसे गेले नसतील तर आजच लेखी नकार द्या. गेले असतील तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

मुलीसाठी शैक्षणिक कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, रक्कम फीप्रमाणे वर्षावर्षाला उचलायची असते, अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा. सात लाख घेतलेत तर पहिल्या वर्षी व्याज महिना दीड हजाराच्या आसपास. ते शिकतानाच भरत चला म्हणजे मुद्दलावर चढणार नाही. हप्ते तिचे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात आणि तोवर ती कमावती झालेली असेल. उरलेले तीन लाख : रंगाला ठेवलेले पावणेदोन आज हातात आहेत, बाकी सव्वा लाख चार वर्षांत पगारातून, महिना अडीच-तीन हजार.

दोनदा पाणी शिरलेल्या घराचा विमा आहे का, हे पत्रात नाही. नसावा असे वाटते. 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी एकसारखी पॉलिसी आहे, तीत पूर येतो, आणि तुमच्या बांधकामाला वर्षाचा हप्ता काही हजारांत बसेल. ती यंदाच्या पावसाआधी घ्या. व्हॅल्युअरला फोन करून यायचे रद्द केले तरी चालेल.