अर्धवेळ नोकरी निवडताना पगाराआधी हजेरीचे दिवस मोजा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. भोसरीतील कारखाना बंद पडल्यावर तुमची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, सोयही गेली. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या आता दरमहा विकत घ्याव्या लागतात. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली तुमची कन्या सकाळचे कॉलेज सांभाळून दुकानात काम करायला तयार आहे आणि तिच्यापुढे तीन पर्याय आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. पहिला पर्याय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शनिवार-रविवार प्रमोटर म्हणून दिवसाला 800 रुपयांचा, दुसरा सुपरमार्केटमध्ये आठवड्याचे पाच दिवस रोज पाच तासांच्या पाळीचा, महिना 9,500 रुपयांचा, आणि तिसरा कपड्यांच्या दालनात विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी म्हणून. अर्धवेळ कामगारांना आरोग्य विमा देणारी चांगली कंपनी यांपैकी कोणती, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमच्या घराची गरज पाहता मी कंपनीच्या नावाआधी याच ईएसआय योजनेचा विचार करेन. मोठ्या दुकानांच्या साखळ्यांना ही योजना लागू असते, आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कर्मचारी तिच्या कक्षेत येतो. अर्धवेळ काम करणाऱ्यांना कायद्याने वगळलेले नाही आणि रोज किमान इतके तास भरले पाहिजेत अशी अटही नाही. 9,500 रुपये वेतनावर पाऊण टक्क्याने तुमच्या कन्येचे महिन्याला 72 रुपये कापले जातील आणि मालकाला सव्वातीन टक्क्यांनी 309 रुपये भरावे लागतील. मुख्य म्हणजे या योजनेत अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले जातात. त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे, म्हणून उद्या तुम्हाला पुन्हा चांगल्या पगाराचे काम मिळाले तर ही सोय थांबू शकते, हे आधीच लक्षात ठेवावे.

काही दुकाने ग्रुप मेडिक्लेम देतात आणि मुलाखतीत त्याचाच उल्लेख मोठ्याने होतो. असा विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो आणि आईवडिलांचा समावेश पॉलिसीत लिहिला असेल तरच होतो. तुमचा खर्च दरमहाच्या गोळ्यांचा आणि तपासण्यांचा आहे. तो ईएसआयच्या दवाखान्यातून भागतो, हे चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयाचा अनुभव असलेल्या तुम्हाला वेगळे सांगायला नको. तेथील रांगा आणि औषधे संपल्याच्या तक्रारी मलाही माहीत आहेत, तरीही कायमच्या आजारासाठी एवढ्या कमी वर्गणीत मिळणारा दुसरा आधार माझ्या पाहण्यात नाही.

आता तीन पर्यायांकडे वळू, कारण खरा फरक येथे पडतो. दवाखान्याची साधी सेवा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते, पण पुढचे लाभ वर्गणी भरलेल्या दिवसांवर ठरतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहा-सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवस भरले, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. हृदयविकार, मूत्रपिंड अशा अतिविशेष उपचारांसाठी कुटुंबीयांच्या बाबतीत एक वर्षाची विमाधारक नोकरी आणि 156 दिवसांची वर्गणी लागते. शनिवार-रविवारच्या कामात सहा महिन्यांत साधारण 52 दिवस भरतात आणि वर्षात 104. म्हणजे तिथे कन्येने वर्षभर एकही खाडा केला नाही, तरी तिच्या आजारपणाचा भत्ता आणि तुमचे मोठे उपचार या दोन्ही गोष्टी हातातून निसटतात. पाच दिवसांच्या पाळीत सहा महिन्यांत 130 दिवस होतात आणि परीक्षेसाठी तीन आठवडे बिनपगारी रजा घेतली तरी 115 उरतात. योजना तास मोजत नाही, दिवस मोजते, म्हणून विद्यार्थ्यांनी रोजची छोटी पाळीच मागावी असे मी आग्रहाने सांगतो. तीन दिवसांच्या पाळीत सहा महिन्यांत बरोबर 78 दिवस होतात, आणि एका खाड्यानेही ते गणित बिघडते.

तिसऱ्या पर्यायाबाबत सावध राहा. अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेला प्रशिक्षणार्थी ईएसआयच्या दृष्टीने कर्मचारी ठरत नाही. प्रमाणपत्राच्या दृष्टीने ते काम वाईट नाही आणि घरात आजारपण नसते तर मी कदाचित त्याचीच शिफारस केली असती, पण तुमची गरज त्यातून भागणार नाही.

सुपरमार्केटचे काम स्वीकारण्यापूर्वी कन्येने नेमणूक कोणाच्या पटावर होणार आहे हे विचारून घ्यावे. दुकानाऐवजी ठेकेदाराच्या पटावर नाव असले तरी विम्याचा हक्क जात नाही आणि वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते, मात्र ठेकेदार बदलला की नोंद मागे पडण्याचा धोका राहतो. म्हणून नेमणूकपत्र लेखी घ्यावे, पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात ईएसआयची कपात आणि विमा क्रमांक दिसतो का ते पाहावे आणि ई-पहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, तुम्हा दोघा आईवडिलांची नावे घातली आहेत याची खात्री करावी. विमा असूनही आईवडिलांना दवाखान्यातून परत यावे लागते ते बऱ्याचदा एवढ्याच कारणाने, कारण अविवाहित मुलीच्या अर्जात पालकांचा रकाना कोणी भरतच नाही. तिचा जुना विमा क्रमांक नसल्याने नवा मिळेल. पुढे नोकरी बदलली तरी तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. कपात होऊनही वर्गणी जमा झालेली दिसत नसेल, तर पगारपत्रके घेऊन ईएसआय महामंडळाच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

पाळीची वेळही ठरवून घ्या. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. दुपारी चार ते रात्री नऊ ही पाळी मिळाल्यास सकाळच्या तासांची उपस्थितीही बिघडणार नाही.

ईएसआयचे कार्ड हाती येईपर्यंत तुमच्या शिधापत्रिकेच्या आधारे राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करून ठेवा. दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना तिचा आधार राहील, रोजच्या गोळ्या मात्र तिच्यातून मिळणार नाहीत.