कांद्यावरील करपा: मात्रा वाढवून रोग आटोक्यात येत नाही

प्रश्न (कळमेश्वर व सावनेर तालुक्यांतील शेतकरी): रब्बी कांद्याच्या लागवडीला 50 दिवस झाले. ढगाळ हवामानानंतर पातीवर जांभळे चट्टे पडले असून शेंडे वाळत आहेत. कृषी केंद्राच्या सांगण्यावरून दोन बुरशीनाशके, कीटकनाशक आणि टॉनिक एकाच पंपात दुप्पट मात्रेने फवारले, तरी फरक पडला नाही. आता काय फवारावे?

उत्तर: पंप भरण्यापूर्वी पात हातात घेऊन पाहावी. जांभळा करपा हा बुरशीमुळे होणारा रोग आहे; त्याचा चट्टा लांबट, किंचित खोलगट, मध्ये जांभळट व कडेने पिवळसर असतो आणि दमट हवेत त्यावर काळपट बुरशी धरते. परंतु चट्टा नसताना फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत वाफ्यातील सगळेच शेंडे एकसारखे पांढरट वाळले असतील, तर तो करपा नसून औषधाचा चटका आहे. असे शेंडे दाखवायला शेतकरी त्याच दुकानात जातो आणि 'रोग वाढला' म्हणून आणखी एक बाटली घेऊन परततो, हे मी अनेक शेतांत पाहिले आहे. चटका बसलेल्या पिकावर आठवडाभर काहीही फवारू नये.

चट्टे खरोखर करप्याचे असतील, तर 10 लिटर पाण्यात मॅन्कोझेब 75 टक्के 25 ग्रॅम घेऊन फवारावे आणि 10 ते 15 दिवसांनी गरज भासल्यास डायफेनोकोनॅझोल 25 टक्के 10 मिली घ्यावे. कांद्याच्या पातीवरून पाणी अळूच्या पानासारखे ओघळून जाते, म्हणून स्टिकर (औषध पातीला चिकटवून ठेवणारा द्रव) घातल्याशिवाय फवारणी करू नये. तेवढा खर्च टॉनिकवरचा वाचवून करावा. एका वेळी एकच बुरशीनाशक वापरावे. मात्रा दुप्पट करू नये, दुकानदार कितीही आग्रह करो. तेच औषध लागोपाठ मारू नये, कारण बुरशी त्याला सरावते.

दव असताना, भर उन्हात किंवा पाऊस तोंडावर असताना फवारणी करू नये. काढणी जवळ आली असल्यास लेबलवरील प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतील दिवस) पाळावा. पातीच्या बेचक्यात फुलकिडे आहेत का, हेही पाहावे. त्यांनी खरवडलेल्या जागेतून करप्याला वाट मिळते. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने माणसे दगावली होती. मास्क व हातमोजे घातल्याशिवाय मजुराला पंप देऊ नये.

आपल्याकडील भारी काळ्या जमिनीत सपाट वाफ्यांना पाटाने पाणी दिले की ओल साचते, पाती दिवसभर दमट राहते आणि करपा हटत नाही. पुढील हंगामात गादीवाफा (उंच केलेला वाफा) आणि ठिबक यांवरच लागवड करावी, असा माझा आग्रह आहे. तुषार सिंचनाने पात भिजते, म्हणून ते करप्याच्या दिवसांत टाळावे. ठिबकच्या अनुदानासाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच संच घ्यावा.

तूर्तास युरिया देणे थांबवावे, दोन पाण्यांतील अंतर वाढवावे आणि औषध पक्क्या बिलावरच घ्यावे.