पॉवर बॅलड म्हणजे ‘शक्तिपोवाडा’? छे!

विचारणा अशी आहे: पॉयझन या अमेरिकन रॉक बँडच्या ‘एव्हरी रोझ हॅज इट्स थॉर्न’ या गाण्याला सगळे पॉवर बॅलड म्हणतात, तर मराठीत ‘शक्तिपोवाडा’ लिहिलेले चालेल का?

अजिबात नाही. बॅलड दिसले की पोवाडा ठोकून द्यायची ही खोड जुनी आहे. हॅरी ॲकवर्थसाहेबांनी (वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय यांच्याच नावाचे) पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरे १८९४ साली ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने छापली. त्यांची सोय समजू शकतो. इंग्रज वाचकाला दुसरे काय सांगणार? पण आपल्या कोशकारांनी तेच समीकरण उलटे फिरवून पक्के केले, ही शुद्ध आळशीगिरी. अफजलखानाच्या वधावर डफ-तुणतुण्याच्या साथीने गाणारा अज्ञानदास कुठे आणि प्रेयसीने सोडल्यावर गिटार घेऊन उसासे टाकणारा पॉयझनचा गायक ब्रेट मायकल्स कुठे!

खरी गंमत मुळात आहे. लॅटिन ‘बल्लारे’ म्हणजे नाचणे. त्यावरून दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या भाषेत ‘बलादा’, म्हणजे नाचताना म्हणायचे गाणे. बॅले त्याच कुळातला, साहेबाच्या नाचाचा ‘बॉल’ही त्यातलाच. (खेळायचा बॉल मात्र जर्मानिक घराण्यातला, त्याला इथे ओढू नये.) ‘बल्लारे’च्या मागे ग्रीक ‘बल्लिझेइन’ उभा आहे आणि त्याचा संबंध काही पंडित ‘बल्लेइन’, म्हणजे फेकणे, याच्याशी लावतात. ‘बॅलिस्टिक’ तिथूनच आलेला. काहींना ही व्युत्पत्ती पटत नाही, मला फार पटते. नाचात आपणही पाय ‘टाकतो’च की! म्हणजे बॅलड हे क्षेपणास्त्राचे चुलत भावंड. त्याला वर आणखी ‘पॉवर’ कशाला?

तर नाचाचे गाणे आधी कथागीत झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यात पियानोवर म्हणायच्या हळव्या गाण्यांनाही बॅलड म्हणू लागले आणि त्यातूनच आजचा ‘संथ प्रेमगीत’ हा अर्थ रुळला. रॉकवाल्यांनी हेच बॅलड उचलले. सुरुवातीला एकटी गिटार किंवा पियानो, मग ड्रम, मग इलेक्ट्रिक गिटारचा आक्रोश. पॉयझनचे गाणेही साध्या ॲकूस्टिक गिटारने, जवळपास कुजबुजत सुरू होते. एरवी धांगडधिंगा करणाऱ्या या मंडळींचे हेच एकमेव गाणे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले: १९८८च्या नाताळात, आणि तीन आठवडे तिथेच राहिले.

माझे मत विचाराल तर, मराठीत याचे नाते लागते ते बैठकीच्या लावणीशी. तीही मूळ नाचाच्या घरातली, पण बसून, अदाकारीने, आळवून म्हणायची. एका गायनशास्त्रींनी हे ऐकून मला वेड्यात काढले होते. त्यांच्या मते लावणीला ‘संदर्भ’ लागतो. मग प्रेयसीला फोन लावावा आणि मागून परक्या पुरुषाचा आवाज यावा, हा संदर्भ नव्हे? मायकल्सला गाणे त्यातूनच सुचले, असे तो स्वतः सांगतो. यावर खुशाल लावणी रचा.

हां, मूळ प्रश्न. ‘पॉवर बॅलड’ असेच लिहावे. आणि ‘ती बॅलड’ नको. गाणे जसे ‘ते’, तसेच ‘ते बॅलड’.