पहिली सफर हवेवर नव्हे, पाण्यावर बेतावी

प्रश्न : आमची आठ मीटर लांबीची शिडाची बोट हिवाळाभर पाण्याबाहेर ताडपत्रीखाली आहे. मार्चअखेर ती पाण्यात उतरवून किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवसांची सफर करावी, असे आम्हा तिघांच्या मनात आहे. बेत कसा आखावा आणि तोवर काय करून ठेवावे?

उत्तर : ऊन तापू लागले तरी समुद्र त्याच्यामागे कित्येक आठवडे रेंगाळतो, आणि उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण किनाऱ्यांवर पाणी सर्वांत गार असते ते फेब्रुवारी-मार्चमध्येच. म्हणून आधी पाण्याचे तापमान पाहावे. १५ अंश सेल्सियसहून गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास पहिले मिनिटभर त्याच्या ताब्यात राहत नाही, आणि पाणी फारच गार असेल तर दहाएक मिनिटांत बोटांतला जोर इतका ओसरतो की समोर आलेली दोरीही धरवत नाही. तेव्हा हार्नेसचा, म्हणजे अंगावर बांधायच्या सुरक्षासाजाचा, पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कोणीही डेकवर येऊ नये, आणि पडलेल्याला उरलेले दोघे वर कसे घेणार याची तालीम बंदरातच करावी. ही तालीम बहुतेक जण टाळतात.

अंतर उन्हाळ्याच्या निम्मे धरावे. पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल, वेगाने २० सागरी मैलांना चार तास लागतात. मार्चअखेर दिवस बारा तासांहून थोडाच मोठा असल्याने एका दिवसासाठी एवढा टप्पा पुरे, कारण पुढचे बंदर उजेडातच गाठायचे आहे. वाटेत आसऱ्याचे एखादे बंदर हेरून ठेवावे आणि चारपैकी एक दिवस मोकळा सोडावा. विषुवदिनाच्या सुमारास उधाणाची भरती मोठी असते, प्रवाहही जोरकस असतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे तक्ते उघडावेत. उबदार, दमट वारा गार पाण्यावर आला की धुके दाटते, त्यामुळे दुपारच्या सुखद झुळुकीवर फार विसंबू नये. शिवाय गार हवा जड असते : शून्य अंशाची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के घन, म्हणजे तेवढ्याच वेगाचा वारा शिडावर अधिक जोर लावतो. रीफ नेहमीपेक्षा लवकर घ्यावा, म्हणजे शीड दुमडून लहान करावे.

बोटीवरच्या कामांत मी पहिला हात इंजिनाच्या पाणी खेचणाऱ्या पंपाला लावेन. त्यातील रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची, पाती महिनोन्महिने एकाच जागी दुमडून राहिली की त्यांना कायमचा बाक येतो आणि बुडाशी बारीक चिरा पडतात. बोटाने पाते वाकवले की चीर दिसते. दिसली तर इम्पेलर बदलावा आणि एखादा तुकडा गळालेला असल्यास तो शीतकरणाच्या नळीत अडकला नाही ना, हे शोधूनच पुढे जावे. सीकॉक (बोटीच्या कायेतून पाणी आत-बाहेर जाणाऱ्या वाटांच्या तोट्या), होज क्लिप (नळ्या आवळणाऱ्या पट्ट्या), डोलकाठीच्या ताणतारांच्या पिना आणि बॅटऱ्या हे सारे पाण्यात उतरवण्याआधीच पाहून घ्यावे. बोट उतरवताक्षणी, क्रेनच्या पट्ट्यांतून सोडवण्याआधी, आत जाऊन प्रत्येक सीकॉकपाशी हात फिरवावा. गळती असेल तर बोट तिथल्या तिथे उचलता येते.

प्रश्न : आपोआप फुगणारी लाइफजॅकेटे गेल्या मोसमात एकदाही फुगली नाहीत. ती तशीच वापरावीत का?

उत्तर : तपासल्याशिवाय नको. जॅकेट फुगवणारा वायूचा सिलिंडर घट्ट बसलेला आहे का, त्यावर गंज आहे का हे पाहून त्याचे वजन त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे आणि फुगवणाऱ्या यंत्रणेची मुदत तपासावी. मग पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी ती सैल पडलेली आढळली, तर ते जॅकेट बोटीवर नेऊ नये.