जुन्या इमारतीत इन्सुलेशनचं काम करताना पोरांच्या सुरक्षेसाठी काय काय घ्यावं आणि किती खर्च धरावा?

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा पोरं घेऊन इन्सुलेशनची कामं करता, पहिल्यांदाच जुन्या इमारतीचं नूतनीकरण मिळालंय आणि समोरच्यांनी सेफ्टीच्या सामानाची यादी मागितली आहे. ते सगळं ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "मास्क घेऊन देतो, पण पोरं घालतच नाहीत." हे वाक्य मी अकरा वर्षं माझ्या साडूच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही दोघं भागीदार होतो. एसीचे डक्ट, थंड पाण्याच्या (चिल्ड वॉटर) लाइनी, छताच्या पत्र्याखालचं (अंडरडेक) इन्सुलेशन, हे रोजचं काम. २००९ साली परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या इमारतीत ऑफिसं व्हायची होती. नवं इन्सुलेशन आमच्याकडे होतं, आणि वाफेच्या जुन्या लाइनींवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवायला पाइपवर चढवलेलं जाड आवरण, काढायचंही आमच्याच गळ्यात पडलं. कोटेशनमध्ये त्याची एकच ओळ, 'जुनं काढून टाकणे', रनिंग मीटरवर. साडूने पोरांनाही मीटरवरच दिलं.

दिवसा दुसऱ्या ठेकेदाराचे वेल्डर असायचे, म्हणून आम्ही रात्री लागलो. छिन्नी-हातोडा घेऊन फोडायचं. वरचं प्लास्टर सुटलं की आत खडूसारखं पांढरं, आणि चिमटीत चुरलं तर केसापेक्षा बारीक तंतू. झाडूने गोळा करून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरायचं. हॅलोजनच्या झोतात धूळ तरंगताना दिसायची, खाली बसायचं नावच घ्यायची नाही. आम्ही दिलेले कागदी मास्क पहिल्या तासातच घामाने भिजून गळ्यात आले. रात्री एकला पोरांनी त्याच गोण्यांवर बसून डबे उघडले. एकाने चपातीवरची धूळ फुंकली आणि घास घेतला. हे मी समोर उभा राहून पाहिलं आणि काही बोललो नाही.

तिसऱ्या रात्री मामा आले. मामा म्हणजे आमचे जुने लॅगर, चिपळूणकडचे, तरुणपणी गिरण्यांच्या बॉयलरवर काम केलेले. त्यांनी एक तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि पोरांना आधी बाहेर काढलं. मग मला म्हणाले, "हे कोरडं फोडायला कुणी सांगितलं? आमच्याबरोबरचे दोघे दम लागून गेले. शेवटी शेवटी खाटेवरून मोरीपर्यंत चालवेना."

मी काम थांबवलं. तुकडा तपासायला पाठवला, अ‍ॅसबेस्टॉस निघालं, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन रोग करतात ते खनिज. जुन्या मॅग्नेशियाच्या (मॅग्नेशियमच्या पांढऱ्या भुकटीच्या) लॅगिंगमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत ते मिसळलेलं असायचं, हे मला त्यानंतर कळलं. धंद्यात इतकी वर्षं काढून कळलं नव्हतं.

त्या दोन्ही रात्री घरी आल्यावर बायकोने माझा शर्ट गॅलरीत झटकला होता. अ‍ॅसबेस्टॉसवर काम करणाऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) झाल्याच्या नोंदी आहेत. हा रोग वीस-चाळीस वर्षांनी वर येतो. दरवर्षी मी तपासून घेतो आणि तिलाही नेतो. ती विचारते, अजून किती वर्षं जायचं?

साडूचं म्हणणं तेव्हा हेच होतं की दिलेलं पोरं वापरत नाहीत, तर पैसे पाण्यात कशाला घालायचे. काम थांबवलं म्हणून तो चार महिने माझ्याशी बोलला नाही. त्याला जे तोंडावर सांगू शकलो नाही ते तुम्हाला सांगतो. मीटरवर काम दिलं की मास्क पोराच्या मजुरीतून पैसे कापतो. मास्क लावून हात मंद चालतो, दर तासाला बाहेर येऊन वारा घ्यावा लागतो आणि तेवढे मीटर बुडतात. मग तो मास्क का घालेल? पुढे तोडफोडीचं काम आम्ही हजेरीवर देऊ लागलो, तासाला दहा मिनिटं सुट्टी धरून. त्याच पोरांच्या तोंडावर मास्क दिवसभर टिकले. तेव्हा खर्चाचं विचाराल तर मास्कच्या किमतीत अडकू नका. तोडफोडीचा दर हजेरीवर धरा आणि कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहा. ती ओळ कापायला सांगणाऱ्याचं काम सोडून द्या.

सामानाचं थोडक्यात. संशयाचं लॅगिंग तपासल्याशिवाय हात लावू नका. अ‍ॅसबेस्टॉस निघालं तर तुम्ही काढूच नका, त्याची माहिती आणि साधनं असलेल्याला मालकाने बोलवावं. ते लोक साबणाच्या पाण्याने भिजवून काढतात, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बांधतात आणि मुंबईकडचा माल तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर जातो. भंगारवाल्याला द्यायचा नाही. अ‍ॅसबेस्टॉसच्या कामात एन-९५ पुरत नाही, पी-१०० फिल्टरचा रबरी मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही चेहऱ्याला नीट बसत नाही. ग्लासवूलला (काचेच्या लोकरीला) एन-९५, गॉगल आणि पूर्ण बाह्या चालतात. अंग खाजलं तर चोळू नका, आधी नळाखाली धरा. कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणाऱ्याला साइटवरून घरी पाठवा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. वर जायचंच असेल तर फळ्या टाकून, आणि हार्नेस भक्कम जागी अडकवून. फॉल्स सीलिंगमध्ये फॉइल लावण्याआधी विजेची लाइन बंद झाल्याची खात्री टेस्टरने स्वतः करा. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरांच्या छतात इन्सुलेशन बसवायची सरकारी योजना घाईने राबवली, त्यात चार तरुण कामगार गेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक माळ्यावरच्या उष्णतेने. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

एक सांगायचं राहिलं. पांढरं दिसलं म्हणजे अ‍ॅसबेस्टॉसच असं नाही, कॅल्शियम सिलिकेटचं इन्सुलेशनही तसंच दिसतं. डोळ्यांनी ठरवू नका, मामांनीही ठरवलं नव्हतं, त्यांनी फक्त थांबवलं. आणि दोन रात्रींच्या धुळीने रोग होतोच असंही नाही. वर्षानुवर्षं त्यात राहणाऱ्याला धोका फार जास्त, आणि तो विडी-सिगारेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने चढतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या पोरांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि कशात काम केलं ते तोंडाने सांगा, कारण ते आपणहून विचारत नाहीत.

आणि एक वही घाला. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांना प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षं जपायला सांगितली. आपण कारखाना नाही, पण पोराचं पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा नंबर आणि कुठल्या साइटवर काय काढलं एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. आमच्या हजेरीच्या वहीत त्या दोन रात्रींची सहा पोरं आहेत, नुसत्या पहिल्या नावाने. दोघे सापडले, त्यांना तपासणीला नेऊन आणलं. उरलेल्या चौघांचे नंबर आता लागत नाहीत. चपातीवर फुंकर मारणारा त्या चौघांतला आहे.