"ताई, शंभरातले त्रेचाळीस डाव तर मीच जिंकतो, मग पैसे जातात कुठे?"

धुळ्यात समुपदेशन करते मी, तर ऑनलाइन जुगारवाली पोरं आता दर महिन्याला येतातच, आणि सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. हा पारोळ्याकडचा, सत्तावीस वर्षांचा, घरची कपाशी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेल्या लिंकवरून परदेशी साइटवर ब्लॅकजॅक (डीलरविरुद्ध पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ नेण्याचा जुगार) खेळायचा. 2025 च्या ऑगस्टमधे पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा देशात आला हे त्याला माहीत होतं, पण लिंक येतच राहिल्या. पंचेचाळीस रात्रीत एक लाख ऐंशी हजार गेले. येताना वही घेऊन आला, त्यात डावांचा हिशोब, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मन्हं काय चुकनं ते सांगा."

वही खोटी नव्हती. ब्लॅकजॅकमधे नीट खेळणारा शंभरातले साधारण 43 डाव जिंकतो, 49 हरतो, 8 बरोबरीत सुटतात. त्याचं म्हणणं, साइटवर तर लिहिलंय 99.5 टक्के पैसे परत येतात, म्हणजे अर्धाच टक्का कटणार ना! आता हा अर्धा टक्का मिळतो तो प्रत्येक पत्त्याला तक्त्यातली बरोबर चाल खेळली तरच, रात्री दीड वाजता चिडून खेळणाऱ्याचा तो सहज वाढतो. त्यात त्याच्या टेबलवर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, लागला की शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीसच मिळत होते. साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक लागतो, म्हणजे दर वेळेचे ते तीस रुपये धरले तर एवढ्यानेच कटती जवळपास 1.4 टक्क्यांनी वाढते. हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

पण खरी गोम वेगळीच, आणि ती मला कापसावरून सांगावी लागली. म्हटलं, खेडा खरेदीवाला क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली कपात, कापतो ना? "कापतो." मग तोच कापूस एका रात्रीत चारशे वेळा काट्यावर चढवला आणि दर वेळी कट्टी दिली तर? तो हसला, म्हणे असं कोण करतं. म्हटलं तूच करतोयस. टक्का कापला जातो तो तू भरलेल्या पैशांवर नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर. तासाला दोनशे डाव, पाचशेचा एक, म्हणजे तासाला एक लाख फिरले, दोन टक्क्यांनी दोन हजार गेले, रोज दोन तास. त्यानेच पेनाने गुणलं, पंचेचाळीस रात्री. एक लाख ऐंशी हजार. इतकं तंतोतंत जुळणं योगायोगच, नशिबाने बरंच इकडे तिकडे होतंच, पण तो बराच वेळ वहीकडे बघत बसला.

मग हळूच म्हणाला, "म्हणजे गेम फिक्स नव्हता?" आता त्या साइटला कोण तपासतं देव जाणे, पण पहिली चाल खेळणाऱ्याची असते आणि तो एकवीसच्या वर गेला की डीलर नंतर स्वतःही एकवीसच्या वर गेला तरी पैसे गेलेच, नियमातच एवढी सोय केलेली असताना फिक्स कशाला करतील? पत्ते मोजायची युक्तीही इथे चालत नाही, कारण सॉफ्टवेअर दर डावाला पत्ते नव्याने पिसतं. आणि हरलं की डबल लावायचं हे तर त्याने करून बघितलेलंच, शंभरपासून सलग सहा हार म्हणजे 6,300 गेले.

खरं सांगू का, हिशोब कळला म्हणून कुणी थांबत नाही. त्याचं मूळ दुखणं या खेळापायी झालेलं कर्ज आबांना कळायच्या आत भरून काढायचं, हे होतं, आणि त्यासाठीच रोज परत बसायचा. म्हणून दुसऱ्या भेटीत पत्त्यांवर बोललोच नाही. आबांना माझ्यासमोर सांगितलं, ते चिडले, मग म्हणाले कपाशी गेली तरी आपण जगलोच ना. यूपीआय बायकोच्या फोनवर. रात्री जास्तच ओढ लागली तर 14416, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

तिसऱ्या भेटीला येताना दोन हजार परत घालवून आला होता, पण मी विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं, याचं मला बरं वाटलं. परवा फोन, वेचणीला मजूर मिळत नाहीत, या आठवड्यात जमणार नाही म्हणे. म्हटलं वही चालू आहे का? "चालू आहे ताई, आता डाव नाही लिहत, दिवस लिहतो. आज एकोणीस."