गांडूळ कुणाचा मित्र?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मातीचा अभ्यास करायला अमेरिकेत मिनेसोटाला निघालीस, फार आनंद झाला. ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ हे तू शाळेत घोकलंस आणि बाबांच्या गांडूळखतात डोळ्यांनी पाहिलंस. ते खरंच आहे. पण तिथल्या रानात शिरताना ते मनातून बाजूला ठेव.

तो मुलूख हिमयुगात बर्फाखाली होता. बर्फ हटल्यावर हजारो वर्षं तिथलं जंगल गांडुळांविना वाढलं. पुढे युरोपातून आलेल्यांच्या रोपांच्या मुळांशी, जहाजांत वजनासाठी भरलेल्या मातीतून गांडुळं आली. गळ टाकणाऱ्यांनी आमिषाची उरलेली गांडुळं तळ्याकाठी टाकली. स्वतःहून ती वर्षाला जेमतेम 5-10 मीटर सरकतात, लांबचा पल्ला माणसानंच गाठून दिला.

शुगर मेपलच्या झाडांच्या रानात गुडघे टेकून बस. गांडूळ न पोचलेल्या जागी बोटं पाचोळ्यात पुरती बुडतात. वर कोरडी पानं, खाली ओली, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या दोऱ्यांनी शिवलेला तपकिरी भुगा. मेपलची पिल्लं तिथेच रुजतात, ट्रिलियम हे रानफूल तिथेच फुलतं. थोडं पुढे, गांडुळं पोचलेल्या जागी जा. पाचोळ्याचा तो थर त्यांनी गिळून टाकलेला. उघडी काळी माती, वर आलेली मुळं, आणि सगळीकडे गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या.

अन्नद्रव्यं नाहीशी झाली असं मात्र लिहू नकोस. वर्षानुवर्षं सावकाश सुटायचं ते नत्र आणि स्फुरद भराभर मोकळं होतं, आणि ते उचलणारी बारीक मुळं व बुरशी तर त्या गिळलेल्या थरातच होती. बर्फ वितळलं की नत्र पाण्याबरोबर निघून जातं. शेतात आपल्याला हेच भराभर सुटणं हवं असतं, कारण समोर पीक उभं असतं.

गांडुळं मोजायला खणत बसू नकोस. 4 लिटर पाण्यात 40 ग्रॅम मोहरीपूड कालवून जमिनीवर आखलेल्या चौकटीत हळूहळू ओत. अंग चुरचुरलं की ती आपसूक वर येतात. नुसता आकडा नको, पाचोळ्यातली किती, वरच्या मातीतली किती, खोल बिळं करणारी किती, हे वेगळं लिही. कोणतं आलंय त्यावर रानाचं नुकसान ठरतं.

आणि गाडीत बसण्याआधी बूट ब्रशनं घासच, कंटाळलीस तरी. आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळं थंडीत मरतात, त्यांचे कोष तगतात. मोहरीच्या दाण्याएवढा कोष बुटाच्या खाचेत सहज बसतो, आणि रानात पसरलेली गांडुळं काढून टाकायचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

तुझे,
सर